सामान वेळेवर पोचलं

बुधवार, १२ फेब्रुवारी १९५८. अकोला, काकाजींचा दिवाणखाना. हजर: काकाजी, म्हणजे माझ्या भाचीच्या नवऱ्याचे थोरले काका, कापसाचे अडते. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी आळी काकी म्हणते. आळीतल्या बायका, मोजल्या नाहीत, पण सतरंजी कमी पडली. काकाजींचे चार मित्र, चौघांच्याही तोंडात तंबाखू. एक फोटोग्राफर. माझी भाची, वय बावीस. आणि मी, तिची मावशी, अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. गैरहजर: काकाजींचे मुनीम. ते आदल्या दिवशीच भाचीच्या ट्रंका घेऊन रेल्वेने मुंबईला गेले होते. त्या घरात अक्कल वापरून प्रवास केलेलं एवढं एकच माणूस.

भाची माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती लहान होती, मीच वाढवली. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. नवरा आफ्रिकेत, मोंबासाला रेल्वेत कारकून. लग्नानंतर पंधरवड्यात परत गेला. त्याला आईबाप नव्हते, म्हणून ही काकाजींकडे राहिली. घर मोठं, पण हिला झोपायला धान्याची खोली. ज्वारीच्या पोत्यांना पाठ लावून दीड वर्ष काढलं तिने. अंगाला कायम किडक्या धान्याचा वास यायचा, माझ्याकडे आली की आधी डोक्यावरून पाणी घेत असे.

आता नवऱ्याला क्वार्टर मिळत होतं. दोन खोल्या आणि पडवी. पण बायको या बोटीने पोचली तरच. नाहीतर क्वार्टर दुसऱ्या कारकुनाला, असं त्याच्या साहेबाने बजावलं होतं. भाचीने त्या न पाहिलेल्या दोन खोल्यांत चूल मांडली होती, माठ ठेवला होता, दोरी बांधून कपडेही वाळत घातले होते. मला सगळं हाताने हवेत दाखवायची.

बोट गुरुवारी दुपारी सुटणार होती. मी बेत आखला तो असा: सोमवारी संध्याकाळी बडनेऱ्याहून मेल, मंगळवारी सकाळी मुंबई, दोन दिवस ओळखीच्या बाईंकडे मुक्काम, गुरुवारी सकाळी निवांत धक्क्यावर. गाडी चुकली तर दुसरी गाडी, तीही चुकली तर तिसरी. काकाजींनी तो ऐकून घेतला आणि पिकदाणी जवळ ओढली.

"मास्तरीणबाई, तुमी इतक्या कावून घाबरून राहिल्या? मेलनं गेली त दोन दिवस आधी जा लागते. इमानानं त्याच दिवशी पोचते. सकाळी नागपूरले बसा, दुपारी बोटीत बसा."

"काकाजी, नागपूर उलटीकडे आहे. मुंबईला जायला आपण आधी मुंबईपासून लांब जायचं?"

"मंग? तेच इमान आपल्या घरावरून जाईन. मी गच्चीवरून धोतर हालवतो."

मित्र हसले. एकाने हसता हसता भिंतीकडे तोंड वळवलं आणि पिंक टाकली. पिकदाणी हाताशी होती. "आमच्या घरची सून पहिल्यांदा समुद्रापार चालली," काकाजी म्हणाले, "तिले काय चोरावाणी धाडू?"

तिकिटं त्यांनी काढली होती, तिची आणि माझी. त्यामुळे मला बोलायची सोय उरली नाही. आणि विमानाने जे दोन दिवस वाचले, ते त्यांनी असे खर्च केले.

मंगळवारी आळीत निरोपाची जेवणं. एका दिवसात पाच घरं, पाचही ठिकाणी जिलबी. बुधवारी ओटी. माझा ओटीला विरोध नाही. एका सवाष्णीने खण, नारळ आणि ओंजळभर गहू घालावेत, पोरीने पाया पडावं, झालं. इथे रांग लागली होती. प्रत्येक बाई कुंकू लावी, आधीच्या कुंकवावरच, इतकं की ते नाकाच्या शेंड्यावरून घरंगळून ओठावर येई. मग घास. घास म्हणजे प्रत्येकीने आपल्या बोटांनी तिच्या तोंडात काहीतरी कोंबायचं. पेढा, जिलबीचा तुकडा, पुरणाचा गोळा. एकीचा अंगठा हळदीचा, दुसरीचा नुकताच नाक पुसलेला; मी पाहिलं. पोर गिळत होती. "अजून घे वं, तिकडे काय भेटन? तिकडे शिदीच रायते," असं म्हणत तिसरीने चौथा पेढा आत ढकलला. पोरीला ढेकर आला आणि सगळ्या खुशीत हसल्या.

विमानाची तिकिटं थाळीत घालून फिरवली गेली. परत आली तेव्हा त्यांवर तुपाचे ठसे होते.

मग फोटो. काकाजी मधे खुर्चीत, भाची त्यांच्या बाजूला, गळ्यात हार इतके की हनुवटी दिसेना. मला काकींनी बाजूला सरकायला सांगितलं, कारण मी विधवा. मी सरकले. त्या गर्दीत दाटून उभं राहण्यापेक्षा ते बरंच होतं.

नागपूरच्या विमानतळावर गुरुवारी सकाळी आमचं सामान काट्यावर चढलं. काकींनी ओटीचे सगळे नारळ आणि गहू एका पिशवीत बांधून दिले होते. भरलेली ओटी वाटेत टाकायची नाही, असं बजावून. वजन करणारा गृहस्थ शांतपणे म्हणाला, "बाई, मुंबईत नारळ मिळत नाहीत का?" मी पिशवी बाकाखाली सारली. पाहायला कोणी नव्हतं, आणि मला लाजही वाटली नाही.

विमान वेळेवर निघालं नाही. यंत्राचा कुठला भाग दुसरीकडून यायचा होता. आम्ही बसलो. शेजारी एक व्यापारी पायातला बूट काढून पाय खाजवत बसला होता. भाची दर थोड्या वेळाने माझ्या मनगटावरचं घड्याळ वळवून बघायची आणि परत वळवून ठेवायची. मेल असती तर आम्ही एव्हाना मुंबईत दोन दिवस जुन्या झालो असतो, हे मी सांगायची गरज नव्हती. तिला ते माहीत होतं.

शेवटी एकदाचं विमान उडालं. वर गेल्याबरोबर मंगळवारची पाच घरं आणि बुधवारची रांग तिच्या पोटातून वर आली. कागदी पिशवी एक भरली, माझी घेतली, तीही भरली. पुरण, पेढे, जिलबी, सगळं ओळखू येत होतं. खाली कुठेतरी अकोला असेल म्हणून मी खिडकीतून पाहिलंही नाही.

मुंबईत उतरलो, टॅक्सी केली, टॅक्सीवाल्याला दुप्पट पैसे कबूल केले. बंदराच्या फाटकावरच्या शिपायाने आमच्याकडे पाहिलं आणि हात नुसता समुद्राकडे केला. बोट धक्का सोडून गेली होती. अजून दिसत होती, हाक मारावी इतकी जवळ वाटत होती.

धक्क्यावर मुनीमजी उभे. हातात पावती, चेहऱ्यावर समाधान. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि आम्ही उशिरा आलोय हे कळण्याआधीच ओरडले, "बाई, चढवलं! सगळं सामान चढवलं! एक नग राहिला नाही!"

मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी टोपी काढली आणि तिथेच खाली बसले.

पापडांचे डबे, लोणच्याची बरणी, पितळेचे तांबे, तिचा लग्नाचा शालू, सगळं मोंबासाला निघालं होतं. भाची बोटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, माझा कंगवासुद्धा गेला."

मी तिच्या नवऱ्याला तार केली: सामान बोटीत, बायको पुढच्या बोटीने. मुनीमजी म्हणाले, अकोल्याला मीही पत्र टाकतो. मी म्हटलं, टाकू नका, आम्हीच पोचतो.

तिथे माझी चूक झाली असं मला आजही वाटत नाही. सासर तिचं होतं. दुसरीकडे कुठे जाणार होती?

अकोल्याला सकाळी पोचलो. टांगा दारात थांबला तशा काकी ओट्यावर आल्या. भाची पाया पडायला पुढे झाली, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"थांब. वर येऊ नको."

"काकी, बोट चुकली."

"चुकली कशी? आमी सगळ्यांईनं गच्चीवरून इमान पाहलं. ह्यांईनं धोतर हालवलं. गावात पेढे वाटले. तू गेली हायेस."

"मी इथे आहे, काकी."

"भरल्या ओटीची बाई अशी माघारी येत नसते. घराले बरं नोय. आठ दिवस कुठी राय, मंग चांगला दिवस पाहून ये."

मी मधे पडले. म्हटलं, "ओटी भरली तुम्हीच, विमान ठरवलं तुम्हीच, उशीर विमानाला झाला. हिने काय केलं?"

"तुमी नका बोलू, बाई. तुमच्या पायगुणाचं मी काई म्हनून राहिली का?"

दिवाणखान्यात काकाजी दिसत होते. काडीने दात कोरत होते. माझ्याकडे पाहिलं आणि पिकदाणीकडे वाकले.

भाची म्हणाली, "पाणी तरी द्या."

काकींनी तांब्या आणवला. ओट्याच्या कडेला उभं राहून, भाचीला खाली उभं ठेवून, वरून पाणी सोडलं. त्या घरची लग्नाची सून ओंजळ धरून प्यायली. त्या गावात कोणाला असं पाणी देतात, ते सगळ्यांना माहीत होतं, आणि माझ्या मते त्यांनाही ते तसं देऊ नये. समोरच्या खिडकीत परवा चौथा पेढा कोंबणारी बाई उभी होती. आमची नजर गेली तशी तिने खिडकी ओढून घेतली.

पोरीने तोंड पदराला पुसलं आणि टांग्यात चढून बसली. "स्टेशन," टांगेवाल्याला तिनेच सांगितलं.

अमरावतीला माझ्या खोलीत ती पुढच्या बोटीपर्यंत राहिली. नवऱ्याचं पत्र आलं: क्वार्टर दुसऱ्याला गेलं, मी एक खोली भाड्याने पाहतो, ट्रंका पोचल्या, लोणचं सांडून शालूला तेल लागलं. क्वार्टरचं वाचून ती उठली, खोली झाडली, परत बसली आणि पुन्हा तेच पान वाचलं. हवेत हात करून चूल-माठ दाखवणं तिने पुन्हा केलं नाही. एका खोलीत मांडायला आहे काय, म्हणाली.

या खेपेला मी कोणाला कळवलं नाही. बडनेऱ्याहून मेल, दोन दिवस आधी. मुंबईत आम्ही इतक्या कंटाळलो की दोनदा धक्का पाहून आलो. बोटीच्या दिवशी तिने सकाळी फक्त एक वरूडचं संत्रं खाल्लं, मी सोललेलं. ती चढली, वर कठड्याशी आली, हात हलवला. बोट सुटायला अजून बराच वेळ होता. तो पूर्ण वेळ मी तिथे उभी राहिले.

तिकडे तिचं बरं चाललंय. एका खोलीच्या दोन झाल्या, मग तीन. पत्रं नियमित येतात. पण जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असते: "मावशी, अकोल्याच्या दिवाणखान्यातला तो फोटो उतरवून घ्या. मला तिथे लटकायचं नाही."

मागच्या वर्षी काकाजी वारले. मी भेटायला गेले. फोटो होता तिथेच, आता मोठ्या चौकटीत, खाली सोनेरी अक्षरांत तारीख आणि "विमानाने प्रयाण". काकींनी डोळे पुसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवला. "पाहा, कशी थाटात धाडली होती सून. असं कोनी करते का?" मला म्हणाल्या, "तुमी होत्या ना, सांगा न यांले."

खुर्ची जवळच होती. खिळाही उंच नव्हता. पण सुतकाच्या घरात, बारा बायकांसमोर, खुर्चीवर चढून फोटो काढायचा म्हणजे मग त्याचं कारणही सांगायचं, आणि ते सांगायचं तर पाण्यापासून सांगावं लागलं असतं. मी उठले, चहा घेतला नाही, निघाले.

दर महिन्याच्या एक तारखेला मी राहिलेल्या कामांचा कागद नव्याने लिहून काढते. या महिन्यात विजेचं बिल भरलं, शाळेचे पेपर तपासून झाले, छताची कौलं बदलली. एक काम पुढे ओढलं आहे. अकोला: फोटो उतरवणे.