हौदावरची ताडपत्री

त्या आठवड्यात मला अन्न गोड लागत नव्हतं. झरीजवळच्या आमच्या शेतात शेळ्यांसाठी सिमेंटचा हौद आहे, त्यात मी निळा रंग टाकला होता. परभणीच्या प्रयोगशाळेत माझं कामच ते: पाण्यात चिमूटभर रंग मिसळायचा, त्यावर उजेड पडला की शेवाळ मरतं. काचेच्या भांड्यात ते दोन दिवसांत मरायचं. हौदात चार दिवस झाले तरी हिरवंगार!

आदल्या वर्षी हौद घासायला उतरलेले माझे वडील, अण्णा, शेवाळावरून घसरले आणि उजवं मनगट मोडून घेऊन बसले. हाड नीट जुळलंच नाही. पण ते माझं ऐकतील तर शपथ. दर पंधरवड्याला पुन्हा हौदात. त्यांनी परत त्यात पाय ठेवू नये, एवढंच मला हवं होतं. "औषध टाकलंय, शेळ्यांना हे पाणी पाजू नका," एवढं बजावून मी रोज सकाळी एसटी पकडायची, दिवेलागणीला परतायची आणि पिशवी न ठेवताच हौदाकडे धावायची.

पाचव्या दिवशी कामात मन लागेना. सरांना काहीतरी थाप मारून दुपारीच घरी आले. हौदावर ताडपत्री! चारी कोपऱ्यांवर दगड. अण्णा विहिरीवरून बादली आणत होते, डाव्या हातानं, वाकडे होत.

"हे कुणी झाकलं?" मी ओरडलेच.

"मीच की. तू गेलीस की झाकायलोय, सांजच्याला काढायलोय. बियाला औषीद चोळलं की आपुन सावलीतच वाळवतो न्हवं? उन्हानं जोर जातो त्याचा."

पेरणीआधी अख्खा गाव करतो तेच त्यांनी केलं होतं.

"अहो अण्णा, ह्याला ऊनच लागतं!"

"मंग तसं सांगायचं की, बाई."

ते रागावलेसुद्धा नाहीत. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका परिषदेत सभागृहभर लोकांना मी चित्रं दाखवून हेच समजावलं होतं. घरी मात्र, यांना काय कळणार, म्हणून एका वाक्यात उरकलं. आणि हा माणूस मोडक्या मनगटानं माझं औषध जपत होता, वर शेळ्यांसाठी पाणी वाहत होता.

ताडपत्री ओढून काढली, काठावर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"आन् आभाळ आलं तर?"

प्रयोगशाळेत आमच्याकडे दिवा होता. आभाळाचा विचार मी कधी केलाच नव्हता. मी त्यांच्या हातातली बादली घेतली आणि विहिरीकडे निघाले.