हाय का घरात?

झाडाला हात लावण्याआधी तो कान लावायचा. बोटाच्या पेराने खोडावर दोन टिचक्या, मग कान, आणि मग शेजाऱ्याच्या दारात उभं राहून विचारावं तसं विचारायचा, "हाय का घरात?"

पोफळ काय उत्तर द्यायची ते त्यालाच ठाऊक. एखाद्या झाडापाशी मात्र तो नुसता थुंकायचा आणि पुढे जायचा. मालक ओरडायचा, "अरे, त्याच्यावर चार घड आहेत!" हा म्हणायचा, "तुम्ही चढा." पुढल्या पावसाळ्यात ते झाड आडवं झालेलं असायचं. मध्ये पोकळ. हे मी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहायची गरज पडली नाही.

मी दुसरी यत्ता शिकलेला माणूस. लिहिताना चुकेन, पण वाढवून सांगणार नाही. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल, म्हणून सांगतोय.

श्रीवर्धनच्या नारळ-पोफळीच्या वाड्यांतून तो आणि मी सुपारी उतरवायचो. तो चाळिशीचा, मी बाविशीचा. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला "ए बोंबल्या" म्हणायचा, कारण मी बोंबलासारखा बारीक होतो. सुपारीच्या कामात सारखं खालीवर करायचं नसतं. एकदा चढलं की वर झाड झुलवायचं आणि झोक्यात शेजारचं झाड धरून तिकडे जायचं. सकाळी चढलेला माणूस वीस-पंचवीस झाडं करून उतरतो. झावळ्यांत एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून हाका द्यायच्या. तो "हू" करायचा, मी "हू" करायचो. हू आली नाही तर खाली बघायचं.

त्या वर्षी माझी छाती धावायला लागली.

पहिल्यांदा झालं ते झाडावरच. काही कारण नाही. पोटात अन्न होतं, ऊन नव्हतं. छातीत एकदम रहाट सुटल्यासारखं झालं, मग डाव्या बाजूला कळ, हातापायांना घाम. मी खोडाला धरून राहिलो आणि मनात म्हटलं, आता संपलं. घटकाभराने आपोआप थांबलं. मी उरलेली झाडं केली आणि कोणाला बोललो नाही.

मग ते येतच राहिलं. आठवड्याने, कधी दोन दिवसांनी. जेवताना, बसलेला असताना. आईने माझ्यावरून नारळ उतरवून टाकला. वैद्याने अर्जुनाच्या सालीचा काढा दिला, तो मी तीन महिने प्यालो. शेवटी बोटीने मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरने नळी लावली, पाठीवर टकटक केलं, डोळ्यांच्या पापण्या ओढल्या. म्हणाला, "तुला काहीही झालेलं नाही."

"मग हे धावतं ते काय?"

"घाबरू नकोस, म्हणजे धावणार नाही."

शहाणा माणूस होता, पण मला त्याचा उपयोग झाला नाही. रोग असता तर औषध असतं. काहीच नाही म्हटल्यावर त्याच्यावर औषध कुठून आणायचं? परतीच्या बोटीत मी येतानापेक्षा जास्त घाबरलेला होतो.

दादाला मी सांगितलं नव्हतं. एके दिवशी माझी हू उशिरा गेली. तो खाली आला, मला खाली बोलावलं, खाली पडलेल्या झावळीच्या रुंद विरीवर बसवलं आणि काही न विचारता माझ्या छातीवर दोन टिचक्या मारून कान लावला.

"हाय का घरात?"

मला हसावं की रडावं कळेना. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "हाय. चांगले दोघं-तिघं हायत. भांडतायत आपसांत."

"दादा, मी मरणार."

"मरशील की. सगळेच मरतात. पण हे लाकूड पोकळ न्हाय. मला कळतं."

त्या दिवशी त्याने नियम घातला. वर असताना धावायला लागलं तर उतरायची घाई करायची नाही, घाईतच माणूस पडतो. झाडाला छाती लावून मिठी मारायची आणि ओरडायचं, "दादा, धावलं." बाकीचं तो बघेल.

बाकीचं म्हणजे काय, ते आठ दिवसांत कळलं. मी ओरडलो. पलीकडच्या झाडावरून आवाज आला, "धावू दे. काल मी काय जेवलो सांगू?"

आणि तो सांगायला लागला. वालाचं बिरडं. त्यात वाल कसे भिजवले, मोड किती आले, नारळ कोणत्या झाडाचा. मग कोलंबी. कोलंबीत आमसुलं किती. भाकरी पातळ की जाड. घाई नाही. माझं लक्ष छातीवरून निघून त्याच्या पानावर जायचं. आमसुलांपर्यंत येईस्तोवर छातीतलं घोडं थकायचं. खालून मालक ओरडायचा, "काम करताय की पंगत मांडलीय?" दादा वरूनच म्हणायचा, "या बसायला!"

असे महिने गेले. दुखणं कमी झालं नाही, भीती कमी झाली.

मग माझ्या लग्नाचं निघालं. आमच्यात मुलगा बघायचा तो कामावर. अंघोळ करून, टोपी घालून बसवलेला मुलगा सगळ्यांचाच चांगला दिसतो. मुलीचा बाप आतल्या गावचा, भातशेतीवाला. न कळवता वाडीत येऊन खाली उभा राहिला. मी वरून त्याचं पागोटं पाहिलं, अर्धा झोका घेतला, नि नेमकं तेव्हाच धावलं.

"दादा, धावलं!"

"मिठी मार! काल सुरमईचं कालवण होतं! तांदळाची भाकरी! नि मागनं शिरवळ्या, नारळाच्या रसात!"

खालच्या म्हाताऱ्याला वाटलं, वरपक्ष झाडावरून पंगत ठरवतोय. तो घाबरून ओरडला, "अहो, आम्ही भातवाले! सुरमई कुठनं आणू? बिरडं-भात देईन, शिरवळ्या देईन!"

पलीकडचं झाड जोरात झुललं. मग आवाज आला, "चालेल! पण रस दाट पायजे!"

"दाट देईन!"

मी खोडाला मिठी मारून हसत होतो. हसतानाच कधी थांबलं ते कळलं नाही.

खाली उतरल्यावर दादा माझ्या कानाशी बोलला, "सांग त्यांना."

"मोडेल ना."

"मोडू दे. झाडाला कान लावूनच चढायचं असतं. त्यांची पोर चढणार हाय, त्यांनापण लावू दे."

मला राग आला होता. एवढं जुळत आलेलं. पण मी सांगितलं. धावतं, दुखतं, मुंबईचा डॉक्टर म्हणतो काही नाही. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. दादा म्हणाला, "बघता काय? ऐका." त्या माणसाने पागोटं काढून माझ्या छातीला कान लावला. भर वाडीत, सगळ्यांसमोर. मग उठला, म्हणाला, "पोरीला विचारतो," आणि गेला.

आठ दिवस मी काढा दुप्पट प्यालो.

निरोप आला. पोरीने सगळं ऐकून बापाला एकच विचारलं होतं, "जेवतात का नीट?" बाप म्हणाला, "जेवतात म्हणजे! झाडावरसुद्धा तेच बोलतात." ती म्हणाली, "मग हो म्हणा."

लग्नात बिरडं होतं, रस दाट होता. दादा दोन घास जेवून उठला. बायकोने ते पाहिलं. चार दिवसांनी ती टोपलीत भाकरी-कालवण घेऊन मला म्हणाली, "चला त्यांच्याकडे."

वाडीच्या टोकाला त्याची झोपडी. इतक्या वर्षांत मी आत गेलो नव्हतो. चुलीत राख जुनी. मडक्यात पेज, कोपऱ्यात मीठ-मिरची. एवढंच.

"दादा, सुरमई कुठाय?" मी विचारलं. मला बोलायची पद्धत कधी नव्हती.

"माझी बायको करायची," तो म्हणाला. "सहा वर्षं झाली तिला जाऊन."

"म्हणजे खोटं बोलत होतास?"

तो चिडला. "खोटं कसं? जेवलोय मी ते. काल न्हाय, एवढंच."

तेव्हापासून बायको त्याला रोज डबा पाठवायची. मग झाडावरचं जेवण खरं झालं, नि मला ते ऐकवेना. "काल तुझ्या बायकोनं बिरडं दिलं. मीठ कमी." मी घरी येऊन सांगायचो. ती म्हणायची, "त्यांना म्हणावं, तिच्यासारखं नाही जमायचं." दुसऱ्या दिवशी मीठ जास्त घालायची.

लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती, तेव्हा तो तापाने गेला, आषाढात. झाडावरून नाही पडला, लोक उगाच सांगतात. मी त्याच्या छातीला कान लावला होता. त्यानेच शिकवलेलं.

माझी छाती आजही धावते. मी ती घेऊनच म्हातारा झालो. झाडावर त्याची हाक असायची, घरात ही असायची. ती कान लावायची आणि म्हणायची, "भांडू दे त्यांना. उद्या काय करू जेवायला?"

ती गेली त्याला आता वर्ष होईल. मुलाने मला अलिबागला नेऊन छातीला तारा लावल्या. लांब कागद निघाला. डॉक्टर म्हणाला, काही नाही. मी म्हटलं, माहीत आहे.

परसात एक पोफळ राहिलीय, माझ्याइतकीच वाकलेली. परवा सकाळी धावलं तसा मी तिच्यापाशी गेलो. टिचक्या मारल्या, विचारलं, मिठी मारली. आणि सांगायला लागलो. काल वालाचं बिरडं होतं. मोड बोटभर. नारळ ह्याच परसातला. मीठ थोडं जास्त, तिची खोड.

मागे सून धुणं वाळत घालत होती. म्हणाली, "बाबा, काल तर तुम्ही नुसती पेज घेतलीत."

"जेवलोय मी ते," मी म्हटलं. "काल न्हाय, एवढंच."