मॅडम ‘कळवू’ म्हणाल्या

नगरच्या सावेडी भागातल्या एका इंग्रजी शाळेत रंगनाथनाना एकतीस वर्षं शिपाई होते. प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीबाहेर एक लाकडी बाकडं होतं. मुलाच्या प्रवेशासाठी आलेले पालक खोलीतून बाहेर पडले, की त्या बाकड्याशी थांबल्याशिवाय गेटकडे वळत नसत. मॅडम काय बोलल्या ते त्यांना समजलेलं असायचं. सोबत आलेला एखादा शिकलेला भाचा तिथल्या तिथे अर्थही सांगायचा. पण काम झालं की नाही, ते कुणालाच सांगता यायचं नाही. ते नाना सांगत.

पारनेरकडचा एखादा शेतकरी इस्त्रीचे कपडे घालून, पोराचा भांग पाडून यायचा. आत दहा मिनिटं गोड बोलणं व्हायचं. मॅडम उठून उभ्या राहायच्या, एवढ्या लांबून आल्याबद्दल आभार मानायच्या आणि आम्ही तुम्हाला नक्की कळवू, असं म्हणायच्या. माणूस बाहेर यायचा तो फुलून. नाना त्याला बाकड्यावर बसवत, माठातलं पाणी देत आणि हळू आवाजात सांगत, “पावनं, दुसरी शाळा बघा. आजच बघा, उद्यावर ठिवू नका.”

“अवो, पन बाई तर लई चांगलं बोलल्या.”

“म्हनून तर सांगतो. काम व्हनार असतं तर एवढं चांगलं बोलल्या नसत्या. फोटो दोनच का आनले, दाखला कुठंय, म्हनून डाफरल्या असत्या.”

इंग्रजीचा हा स्वभाव नानांना पहिल्या दोन-तीन वर्षांतच उमगला होता. त्यांचं शिक्षण गावाकडे नववीपर्यंत झालेलं, त्यामुळे इंग्रजी बोलणं काही जमलं नाही. पण इंग्रजी बोलणाऱ्या माणसांमध्ये रोज आठ-नऊ तास उभं राहिलं, की शब्दांपेक्षा बाकीचं जास्त दिसतं. आपल्यात माणूस रागावला की त्याचा आवाज चढतो, यांच्यात उतरतो. पायाला पाय लागला की दहा वेळा सॉरी, पण भर उन्हात दोन तास ताटकळत ठेवलं त्याबद्दल चकार शब्द नाही. कुणाच्या निधनाची बातमी सांगायची असली तरी आधी सगळ्या मुलांना गुड मॉर्निंग. एखाद्या मुलाला शाळेतून काढल्याचं पत्र नाना स्वतः सायकलवरून नेऊन द्यायचे. त्या पत्रातही पालकांना सुरुवातीलाच ‘डिअर’ म्हटलेलं असायचं आणि खाली मॅडम त्यांच्या विश्वासू असायच्या. ‘हाऊ आर यू’ हे विचारायचं असतं, ऐकायचं नसतं, हे मात्र नानांना चुकूनच कळलं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका नव्या बाईंनी तसं विचारलं, तेव्हा त्यांनी आईचा मोतीबिंदू, धाकट्या भावाचं अडलेलं लग्न आणि विहिरीचं पाणी, सगळं सविस्तर सांगितलं होतं. बाई हातात हजेरीपट घेऊन खांबाला टेकल्या होत्या आणि तिकडे पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला होता.

पुढे या सगळ्याचा पालकांना उपयोग झाला. ‘मुलगा फार उत्साही आहे’ म्हणजे वांड आहे, आणि ‘थोडे अधिक प्रयत्न हवेत’ म्हणजे नापास आहे, हे नाना बाकड्यावर सांगून टाकत. वेळेवर दुसरीकडे नाव घातलेले लोक वर्षा-दोन वर्षांनी मुद्दाम भेटायला येत. कुणी पेरू आणत, कुणी गुळाची ढेप. आपल्यामुळे कुणाच्या लेकराचं वर्ष वाया गेलं नाही, असं नाना बायकोला, साळूबाईंना, अभिमानाने सांगत. तो अभिमान खोटा नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मॅडम आधी इंग्रजीत बोलल्या, मग खास त्यांच्यासाठी मराठीत. “ही तुमची शाळा आहे, रंगनाथ. कधीही या. काही लागलं तर फक्त मला सांगायचं.” बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

नाना ते वाक्य घरी घेऊन आले. शालीपेक्षा जपून. साळूबाईंनी दोन वेळा ऐकून घेतलं आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, “बाकड्यावर कुनी ह्ये बोलनं घिऊन आलं असतं, तर तुमी त्याला काय सांगितलं असतं?”

नाना चिडले. “त्या रडल्या गं. रडत रडत खोटं कोन बोलतं?”

“खोटं म्हनले का मी?” असं म्हणून साळूबाई आत गेल्या.

या गोष्टीला दोन वर्षं झाली आणि यंदा संस्कृतीचा प्रश्न निघाला. संस्कृती ही नानांच्या धाकट्या भावाची, रंभाजींची नात. रंभाजी श्रीगोंदा तालुक्यात गावी शेती बघतात. त्यांचा मुलगा प्रशांत उसाच्या वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो. प्रशांतची बायको रश्मी बी. ए. झालेली आहे. मुलीने पहिलीपासून इंग्रजी शाळेत जावं, ही इच्छा तिची. श्रीगोंद्यात नवी शाळा निघाली होती, तिची बस गावाच्या फाट्यापर्यंत यायची. रश्मीने फॉर्म आणून, भरून, फोटो चिकटवून ठेवला होता. शेवटची तारीख होती एकतीस मार्च.

फेब्रुवारीत नाना गावी गेले तेव्हा तिने तो फॉर्म त्यांना दाखवला; त्यांच्याइतकं शाळांमधलं कळणारं घरात दुसरं कोण होतं? नानांनी तो वाचला, घडी घातली आणि तिच्या हातात परत दिला. म्हणाले, हा कुणाला देऊ नको. आपली स्वतःची शाळा असताना पोरगी दुसरीकडे कशाला? आमच्याजवळ सावेडीत राहील, साळूला सोबत होईल. रश्मी जरा घुटमळली. दोन्हीकडे दिला तर नाही का चालणार, असं तिने विचारलं. नाना हसले. दोन दगडांवर पाय कशाला, आणि मॅडमच्या कानावर गेलं तर त्यांना काय वाटेल, असं त्यांनी तिलाच विचारलं. रंभाजींनी मान डोलावली. मोठ्या भावाच्या शब्दापुढे त्या घरात कुणी बोलत नसे.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी प्रशांत, रश्मी आणि संस्कृती नगरला आले. नाना इस्त्रीचा सदरा घालून त्यांना शाळेत घेऊन गेले. मॅडम खुर्चीतून उठल्या. “या, या,” म्हणाल्या, आणि त्यांनी नानांना खुर्ची दिली. एकतीस वर्षांत नाना त्या खोलीत कधी बसले नव्हते. मॅडमनी साळूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, संस्कृतीचा गाल कुरवाळून तिला नाव विचारलं. तिने रश्मीने पाठ करून घेतलेलं अख्खं वाक्य न अडखळता म्हटलं. मॅडम ‘लव्हली’ म्हणाल्या आणि त्यांनी चहा मागवला.

चहा आला, आणि नानांना कळलं.

ज्यांचं काम होणार असतं त्यांना त्या खोलीत चहा मिळत नाही. त्यांना कागद मागतात, सही कुठे करायची ते दाखवतात, फीची खिडकी कोणती ते सांगतात. कपबशी हातात घेऊन नाना मॅडमचं पुढचं बोलणं ऐकत राहिले. ते त्यांना तोंडपाठ होतं. जागा फार थोड्या आहेत, अर्ज फार आलेत, पण तुमच्यासाठी नक्की बघू, नक्की कळवू. मॅडम दारापर्यंत सोडायला आल्या.

बाहेर ते बाकडं होतं. प्रशांत आणि रश्मी तिथे थांबले आणि नानांकडे बघायला लागले. आतापर्यंत शेकडो माणसं तिथेच उभी राहून तशीच बघत आली होती.

“नाना, झालं ना?” प्रशांतने विचारलं.

सांगायचं वाक्य जिभेवर होतं. दुसरी शाळा बघा, आजच बघा. श्रीगोंद्याच्या शाळेची तारीख अजून गेली नव्हती आणि भरलेला फॉर्म रश्मीच्या कपाटात होता. परक्या माणसाला नानांनी एका दमात सांगितलं असतं.

“झालं,” नाना म्हणाले. “कळवत्याल आता.”

त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते त्यांचं त्यांना माहीत. रोज सकाळी फिरायला जातो म्हणून निघायचे आणि शाळेसमोरच्या मेडिकलच्या पायरीवर उभे राहायचे. कुणी विचारलं तर गोळ्या घ्यायला आलो म्हणायचे. दोनदा आत गेले. दोन्ही वेळा मॅडम मीटिंगमध्ये होत्या. तिसऱ्या वेळी ऑफिसातली नवी मुलगी अदबीने म्हणाली, “सर, तुम्ही बसा ना.” त्या शाळेत त्यांना रंगनाथ, नाना, अगदी अरे-तुरेसुद्धा सगळे म्हणत आले होते, पण सर कुणी म्हटलं नव्हतं. नाना न बसताच परत फिरले.

अठ्ठावीस तारखेला रश्मीचा फोन आला. तिकडची तारीख संपत आली आहे, फॉर्म नुसता देऊन ठेवू का, असं ती भीत भीत विचारत होती. नुसतं ‘ठेव’ म्हणायचं होतं. पण ‘ठेव’ म्हटलं असतं तर ‘का’ आलं असतं, आणि नंतर मॅडमचं ते भरल्या डोळ्यांचं वाक्य घरादारासमोर उलगडून दाखवावं लागलं असतं. “कशाला?” नाना म्हणाले. “आपलं झालंय.” फोन ठेवल्यावर त्यांचे कान तापले होते. साळूबाई समोर भाजी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, आणि ते नानांना जास्त लागलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर यादी लागली. आठ नावं होती. नानांनी ती वरून खाली आणि परत खालून वर वाचली. मॅडम व्हरांड्यातून चालल्या होत्या, त्या त्यांना बघून थांबल्या. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. सॉरी, रंगनाथ, माझ्या हातात काही राहिलं नाही, असं त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी बघू, असंही म्हणाल्या. नानांनी त्यांना थँक यू म्हटलं. कशाबद्दल, हे त्यांना गेटच्या बाहेर आल्यावरही सांगता आलं नसतं.

घरी येऊन त्यांनी साळूबाईंना सगळं सांगायला घेतलं. त्यांनी नानांना अर्ध्यातच थांबवलं. “मला नगा सांगू. जिला सांगायचं तिला जाऊन सांगा.”

नाना दुसऱ्या दिवशी श्रीगोंद्याच्या एसटीत बसले. वाटेत त्यांनी बोलणं जुळवलं. यादी काल लागली, नाव नाही, मॅडमच्या हातात काही राहिलं नाही. यातला एक शब्दही खोटा नव्हता. फाट्यापासून घरापर्यंत चालत जाताना ते हेच घोकत होते.

रश्मी पडवीत लिंबं निवडत होती. रंभाजी आणि प्रशांतही घरीच होते. नानांनी उभ्या उभ्या सांगून टाकलं. रंभाजी भडकले. त्या बाईने तुला एकतीस वर्षं राबवून घेतलं आणि शेवटी फसवलं, असं ते म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले. नाना ऐकत राहिले. असंच ठेवलं असतं तरी चाललं असतं. सगळा दोष सावेडीत राहिला असता आणि घरात त्यांची कीव झाली असती.

रश्मीने हातातलं लिंबू टोपलीत टाकलं. “नाना, तुम्हाला हे कधी कळलं?”

“आगं, यादी काल लागली ना,” प्रशांत म्हणाला.

“मी त्यांना विचारतेय.”

नानांनी खाली बघितलं. “त्याच दिवशी,” ते म्हणाले. “आत बसलो हुतो तवाच.”

“मग मी अठ्ठावीसला फोन केला, तेव्हा माहीत होतं?”

“व्हय.”

रश्मीचा आवाज चढला नाही. “आमच्या जागी दुसरं कुणी असतं, तर त्यांना तुम्ही खरं सांगितलं असतं.”

“व्हय. सांगितलं असतं.”

“मग आम्हालाच का नाही?”

याचं उत्तर नानांजवळ होतं, पण ते त्या मुलीपुढे बोलायला जीभ उचलेना. त्यांना पोरीच्या वर्षापेक्षा स्वतःची शाल मोठी वाटली होती. ते एवढंच म्हणाले, “मला लाज वाटली, बाई.”

रश्मीने लिंबांची टोपली बाजूला सारली. मग म्हणाली, “उद्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव घालून येते. तुम्ही मधे पडू नका.”

नाना ‘बरं’ म्हणाले. त्यांना लगेच निघायचं होतं, पण जेवल्याशिवाय जाणं म्हणजे आणखी एक अपमान झाला असता, म्हणून ते पंगतीला बसले. रश्मीनेच वाढलं. पिठलं, भाकरी, ठेचा. कशात काही कमी केलं नव्हतं, फक्त ती त्यांच्याकडे बघत नव्हती. संस्कृती आपलं ताट ओढत त्यांच्याजवळ येऊन बसली आणि तिने विचारलं, “नाना आजोबा, आपण सावेडीला कधी जायचं?”

नानांनी हातातला घास ताटात ठेवला.

“जायचं न्हाई, बाळा. तुझं तिथं झालं न्हाई.”

“का?”

“माझ्यामुळं,” नाना म्हणाले, आणि ती आणखी काय विचारते, याची वाट बघत तसेच बसून राहिले.