जिवंत बायकांची साक्ष

माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या सासूने पाण्यावाचून मारायला काढलं होतं आणि शेजारच्या बायका त्या कामाला हातभार लावत होत्या. हे मी सौम्य करून सांगणार नाही.

आमची माय आधीच गेली होती, म्हणून बहिणीचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मी चौथी पास होऊन घरी बसले होते. मला हाताखाली म्हणून तिकडे धाडलं. गाव तापीच्या काठावर, नदी इतकी जवळ की धुण्याचे आवाज खोलीत यायचे. वैशाखाचे दिवस, खिडकीला चिंध्या कोंबलेल्या, खाटेखाली शेगडी, ओव्याचा धूर. आणि नियम असा, की ओल्या बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही. दिलं तर पोट सुटतं, वात धरतो. बहिणीचे ओठ फुटले होते. अंगावर दूध उतरत नव्हतं. अंग पुसायचं ओलं फडकं तिला चोखताना मी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

"मावशी, तिले पानी द्या," मी तिच्या सासूला म्हटलं.

सासू हसली. बाळ बघायला आलेल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्याकडे हात करून ती म्हणाली, "इचार यास्ले. आम्हले कोनी पानी दिनं व्हतं? मरनूत का आम्ही?"

"मन्हा समदा बाळंतपनं कोरडाच गयात," एक म्हातारी म्हणाली. "देख, आजून वावरमा निंदाले जास."

"शाळामा गयी ना ती, तिले समदं समजस!" दुसरी म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

मलाही क्षणभर वाटलं, इतक्या जणी खोटं कशाला बोलतील? खोटं कोणीच बोलत नव्हतं. वाईट तेच होतं. मग आठवलं, त्याच खाटेवर त्या घराची मोठी सून आदल्या साली बाळंतपणात गेली होती.

"आनि मोठी सून? तिले दिनं व्हतं का पानी?"

हसणं थांबलं.

"तिले बाहेरनं लागनं व्हतं," सासू म्हणाली. "तिना भोग तिले."

"जी जगनी ती तहानमुळे, नि जी मरनी ती भोगमुळे? मरेल बाया आठे सांगाले येतीन का, मावशी?"

मी रांजणातून तांब्या भरला. सासूने माझ्या थोबाडीत मारली. मी तांब्या सोडला नाही.

बहीण वाचली. सासू गावभर सांगत सुटली, की आपण आधी कोरडं ठेवलं म्हणून पोरीने दिलेलं पाणी पचलं. मेली असती तर माझ्या पाण्याने मेली असती. काहीही झालं तरी म्हातारीचंच खरं! असल्या बोलण्याची मला आजही चीड येते. माझ्याच पाण्याने ती वाचली, असं मीही म्हणत नाही. एका बाईवरून तेवढं ठरत नाही. ती पाणी मागत होती आणि शेजारी नदी वाहत होती, मला एवढं पुरे होतं.

पण खरा संताप पुढचा. पुष्कळ वर्षांनी त्याच खोलीत बहिणीची सून बाळंत झाली. मी बाळ बघायला गेले. तोच धूर, पोरगी पाणी मागते आहे, आणि भिंतीला टेकून बसलेली माझी बहीण म्हणते, "आम्हले कोनी दिनं व्हतं पानी? मरनूत का आम्ही?"

"तुले मी दिनं व्हतं, सटवे!"

"घोटभर," ती पुटपुटली.

"तांब्याभर. गटागटा पिनी तू."

भिंतीकडच्या बायका आता तिच्याकडे बघू लागल्या. मी तांब्या भरून आणला, पण सुनेला दिला नाही. बहिणीच्या हातात ठेवला.

"आते तुन्ही पाळी. तू दे."

ती मला शिव्या देत उठली. सून पाणी पिऊन होईपर्यंत तिच्या शिव्या चालू होत्या. मी त्या ऐकून घेतल्या.