दोन फांद्यांची सावली

नांदेडहून उदगीरची गाडी सकाळी सहाला सुटली. मी वृत्तपत्रात काम करतो आणि रविवारी निसर्गचित्रं काढतो. दहा वर्षं काढूनही माझं एकही झाड कुणाला ओळखू येत नव्हतं. म्हणून आठ दिवसांची रजा घेतली. ठरवलं ते एवढंच, की झाड एकच काढायचं, रोज दुपारी तीन वाजता.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. हद्दीवरच्या पाटीवर नव्या रंगाखालून ‘उस्मानाबाद’ अजून वाचता येत होतं. रस्त्याकडेला टँकरची वाट पाहत घागरी उभ्या होत्या, माणसं सावलीला गेली होती.

उदगीरला गाडी बदलून देवणीच्या अलीकडे एका वाडीवर उतरलो. तिथल्या कोरड्या विहिरीकाठी एक डेरेदार उंबर होता. त्याच्या पूर्वेला देवणी गाय बांधलेली होती. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, दिवस भरत आलेले. मालक शिवाप्पा साठीचे, कपाळावर विभूती.

“काढा की. झाडाचं काय जातंय?” ते म्हणाले.

राहायची सोय त्यांच्याच ओसरीत झाली. जेवायला भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी. रंगांसाठी पाणी रोज एक पेला.

पहिलं चित्र पाहून अप्पा म्हणाले, “सावली खोटी हाय.”

“कशी?”

“तुमी बुडाशी गोल काढली. तीन वाजता तिथं गाय बांधली तर करपून जाईल.”

दुसऱ्या दिवशी रंग काढून बसलो, तोच अप्पा कोयता घेऊन आले. उंबर देवाचं झाड, म्हणून आधी खोडाला हात लावून कपाळाला लावला. मग चित्रातली सर्वांत मोठी फांदी उतरवली आणि पाला गाईपुढे टाकला.

“अप्पा, आठ दिवस तरी झाड असंच ठेवा ना.”

“बरं. मग गाईपुढं तुमचा कागद टाकू का?”

“टाका की,” त्यांच्या पत्नी गंगाबाई आतून म्हणाल्या. “रंगीत हाय, आवडीनं खाईल.”

झाड रोज एका फांदीने कमी होऊ लागलं. चौथ्या दिवशी चिडून रंग पिशवीतच ठेवले आणि सावलीच्या कडेने खडे मांडत बसलो. सावली सरकेल तशी नवी रांग. पाच वाजेपर्यंत रांगा गाईच्या पलीकडे गेल्या. गाय मात्र एकदाही उन्हात आली नाही. तेव्हा वर पाहिलं. तोडलेल्या सगळ्या फांद्या उगवतीकडच्या होत्या. दुपारचं ऊन मावळतीकडून येतं. तिकडच्या फांद्यांना कोयता लागलेला नव्हता.

“तिचं पोट बी भरलं पाहिजे अन् डोईवर सावली बी,” अप्पा म्हणाले. “एक चुकलं तरी वासरू हातचं गेलं.”

आठव्या सकाळी मावळतीकडच्या दोनच फांद्या उरल्या होत्या. घरात चारा नव्हता. अप्पा कोयता घेऊन बराच वेळ झाडाखाली उभे राहिले.

“तोडा न्हाईतर सोडा,” गंगाबाई म्हणाल्या. “उभं राहून तिचं पोट भरत न्हाई.”

अप्पांनी कोयता खाली ठेवला, शिडी लावली आणि स्वतःच्या छपरावरचा जुना कडबा उपसून गाईपुढे टाकला.

“पाऊस आला तर?” मी विचारलं.

“भिजू की. त्याचीच तर वाट बघून राहिलो.”

त्या दुपारी मी आधी सावली काढली, मग दोन फांद्यांचं झाड. गाय काढली नाही. तेवढा हात बसलेला नव्हता. अप्पांनी चित्र लांब धरून पाहिलं आणि सावलीत एका जागी बोट टेकवलं.

“हितं बसंल ती.”

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. पूर्वी मी झाडांचे शेंडे पाहायचो. या वेळी प्रत्येक झाडाखाली जनावर कुठे बांधलंय ते पाहत नांदेडला पोहोचलो.

दोन महिन्यांनी कचेरीत पोस्टकार्ड आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं, बोलणं अप्पांचं : “गाय व्याली. कालवड हाय. उंबर फुटला. तुमच्या चित्रातली सावली वाढवा, आता दोघी बसतात.”

मी चित्राला हात लावला नाही. रजेचा अर्ज लिहायला घेतला.