ठिणगीची साक्ष

तिचे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे, त्यामुळे बोलायला लागण्याआधी ती हातांनी भांडायला शिकली. पुढे तेच पोटापाण्याचं साधन झालं. कोर्टात, दवाखान्यात कुणी बहिरा माणूस आला की हिला बोलावणं जायचं. सगळे तिला दुभाषीबाई म्हणत. समोरच्याचं म्हणणं ती 'मी' म्हणूनच बोलायची आणि दाराबाहेर पडली की विसरून जायची.

फेरीबोट बुडेपर्यंत तिला हे विसरणं जमलं.

बोट सरकारी होती. ऐन नदीत तळाचा पत्रा फाटला आणि पलीकडच्या काठावर कामाला निघालेली माणसं बसल्या जागी गेली. चौकशी समिती नेमली. समितीला नवं दालन मिळालं, गाड्या मिळाल्या, मुदतवाढीवर मुदतवाढ मिळाली. कामकाज बंद दाराआड चालायचं आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला गुप्ततेची शपथ असायची.

गोदीतला एक वेल्डर साक्षीला आला. तो बहिरा होता, सगळे त्याला ठिणगी म्हणायचे. त्याचे हात भराभर चालत होते आणि दुभाषीबाईच्या तोंडून शब्द पडत होते. "मी गोदीच्या साहेबांना मनगटाला धरून बोटीखाली नेलं. पत्र्यावर हातोडी मारली. ती आत गेली. साहेबांनी घड्याळ दाखवलं, वरून ठिगळ मार अशी खूण केली. मी नाही म्हणालो. त्यांनी दुसऱ्याला बोलावलं."

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले आणि चहा मागवला.

अहवाल सरकारकडे गेला तो गेलाच. बाहेर आल्या त्या दोन ओळी: वेल्डरच्या हलगर्जीपणामुळे दुर्घटना. ठिणगीची नोकरी गेली.

तो तिच्या दारात येऊन उभा राहिला. "माझं उलटं सांगितलंस," त्याने खुणेनं म्हटलं.

"शब्द न् शब्द सांगितला," तिने खुणेनं म्हटलं.

"मला कसं कळणार? मला फक्त तुझे ओठ हलताना दिसत होते."

तो पाठ फिरवून गेला.

तेव्हापासून ती साक्ष तिच्या मानगुटीवर बसली. भाजी चिरताना तिचा हात आपोआप उचलला जायचा, हातोडी मारायचा, पत्र्यात रुतायचा. एकदा दवाखान्यात एक बहिरी गरोदर बाई डॉक्टरांना आपलं दुखणं सांगत होती आणि दुभाषीबाईच्या तोंडून निघालं, "ती आत गेली."

"काय आत गेली?" डॉक्टर दचकले.

तिने माफी मागून बाईचं म्हणणं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. घरी आल्यावर आईनं तिचे दोन्ही हात धरले, मग सोडून खुणेनं म्हटलं, "बाळ, हे हात तुझे राहिले नाहीत. ज्याचं म्हणणं आहे त्याचं त्याला देऊन टाक."

समितीनं केलेलं साक्षीचं ध्वनिमुद्रण मागणारा अर्ज तिने माहितीच्या अधिकारात केला. सुनावणीला अधिकारी मोठ्या अदबीनं म्हणाले, "खर्चाचा तपशील हवा तेवढा घ्या. गाड्या, चहापाणी, तुमचं मानधनसुद्धा. साक्षी मात्र गोपनीय."

"आवाज माझा आहे, साहेब."

"होता. आता सरकारचा आहे."

बुडालेल्यांच्या घरची माणसं दर वर्षी दुर्घटनेच्या दिवशी काठावर जमायची. त्या वर्षी ती ठिणगीला घेऊन गेली. तो यायलाच तयार नव्हता. "तू सांग, मी बोलते," ती त्याला म्हणाली होती. "माझ्याकडे बघू नकोस. त्यांच्या चेहऱ्यांकडे बघ."

त्याने सांगितलं. ती खणखणीत आवाजात बोलत गेली. हातोडी आत गेली तेव्हा समोरची एक विधवा मटकन खाली बसली. साहेबांच्या घड्याळापाशी एका म्हाताऱ्यानं तोंड झाकून घेतलं. ठिणगी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत होता. अर्ध्यातच त्याचे हात थांबले. त्याला कळलं होतं, हिने तेव्हाही हेच सांगितलं असणार. मग तो लहान मुलासारखा रडला.

शपथ मोडली म्हणून दुभाष्यांच्या सरकारी यादीतून तिचं नाव गेलं, वर नोटीस आली. बुडालेल्यांचे नातेवाईक ठिणगीला घेऊन कोर्टात गेले आहेत. सरकार दर वेळी पुढची तारीख मागतं. अहवाल अजून कुलपात आहे.

विसरणं तिला पुन्हा काही जमलं नाही. फेरीबोटी चालू आहेत, नव्या रंगाच्या. पलीकडच्या काठावर राहणाऱ्या भावाकडे जायचं असलं तरी ती लांबच्या पुलावरून वळसा घालून जाते, आणि पुलावरही खाली पाण्याकडे बघत नाही.