राखेतला क्षार

कारखान्यात सगळेच त्यांना वहिनी म्हणत, कारण धाकटा दीर तशी हाक मारायचा. नवरा पाठदुखीने घरी बसला तेव्हापासून भट्टी त्याच बघत. लोखंडी खांबांना जस्ताचा मुलामा देणाऱ्यांकडून राख यायची. ती मुशीत तापवली की जस्ताची वाफ हवेत जळून पांढरीशुभ्र पूड व्हायची आणि ती रंगवाला न्यायचा. सांगायला सोपं. त्या वर्षी मात्र पूड काळपट यायला लागली आणि ती गाळून धरणाऱ्या कापडी पिशव्या चिखल थापल्यासारख्या तुंबायच्या.

"हवा कमी पडतेय," दीर म्हणाला. पंखा बदलला. मग भट्टीत जाळायचं तेल बदललं, मूस बदलली. पूड तशीच. घरून नवऱ्याचा फोन आला, "माझ्या वेळी असं कधी झालं नव्हतं."

"मग या आणि करून दाखवा!" म्हणत वहिनींनी फोन आपटला.

रंगवाल्याने माल परत पाठवला, त्या दिवशी त्या राखेच्या पोत्यावर मटकन बसल्या. उठल्या तर कपड्यांना ओल. बाहेर ऊन मी म्हणत होतं, छत गळत नव्हतं, मग पोतं ओलं कसं? तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, मुलाम्याआधी लोखंडाला जो क्षार लावतात तो राखेत उतरला होता आणि हवेतला ओलावा ओढत होता. भट्टीतून धुराबरोबर तोच पिशव्यांत जाऊन बसत होता आणि पूडही काळवंडवत होता.

त्यांनी राख धुवायला लावली, उन्हात पसरली. दिराला दम कुठला! त्याने फावडंभर राख वितळलेल्या जस्तात टाकली. धाडकन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या, नवी कोरी मूस तडकली. कुणाला भाजलं नाही, एवढंच नशीब.

"वरून कोरडी दिसत होती, वहिनी."

"कोरडी दिसणं आणि कोरडी असणं यात फरक असतो, भाऊजी!"

दीर आठवडाभर फुरंगटून होता. मग त्याने स्वतःच धुराड्याच्या उष्णतेवर तापणारी, राख वाळवायची फळी बांधली आणि पूड पांढरी झाली. वहिनी हौसेने नमुना घेऊन रंगवाल्याकडे गेल्या.

"आमचं दुसरीकडे जमलंय," तो म्हणाला.

शेवटी चपलांचे रबरी तळवे करणारा तयार झाला. "काळ्या रबरात घालायची," तो पूड चिमटीत घेऊन म्हणाला, "इतकी पांढरी नसती तरी चाललं असतं."

वहिनी तणतणत परतल्या. अंगणात राख धुतलेल्या खाऱ्या पाण्याचं टाकं काठोकाठ भरलं होतं.

"नाल्यात सोडू?" दिराने विचारलं.

"खबरदार! आता या क्षाराचं काय करायचं ते बघू," म्हणून त्यांनी बाह्या वर सारल्या.